"किट नको, वेचणीचे पैसे द्या": दान, मजुरी आणि गरिबांचे संत

कोरडवाहू
६ डिसेंबर, रात्री ९:५०

इथं कापूस, तूर, पाऊस आणि राजकारण एवढ्यावरच धागे निघतात. माझा जरा आडवाटेचा आहे. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी उचलून योग्य जागी ठेवावा.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले कॅथलिक. गावात आमची घरं वीस-बावीस. चर्च म्हणजे टिनपत्र्याचा हॉल. फादर तालुक्याहून महिन्यातले दोन रविवार मिस्सा (चर्चमधली उपासना) करायला येतात. संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची एक लहानशी सोसायटी आम्ही चालवतो. नऊ जण आहोत, चिटणीस मी. दरवर्षी नाताळाआधी गावातल्या तीस घरांना किट देतो. तांदूळ, तुरीची डाळ, तेल, साखर, चहापत्ती आणि एक ब्लँकेट. जात-धर्म पाहत नाही. घेणाऱ्या बहुतेक वेचणीला जाणाऱ्या बाया.

परवा यादी घेऊन घरोघर फिरत होतो. एका मावशीनं दारातच हात जोडले. म्हणाली, "मले किट नको, बाप्पा. ज्याच्या पैशानं हे आणलं ना, त्याच्याकडं माये तीन हप्त्याचे वेचणीचे पैसे हायेत. तेवढे मिळवून दे."

यंदा किटसाठी दहा हजार देणारा माणूस आमच्यातलाच. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. लपवून उपयोग नाही, नात्यानं माझे मामेसासरे.

मी काही बोललो नाही. ब्लँकेट काखेत धरून परत आलो. आता प्रश्न असा. संतांनी गरिबांना दिलं, हे लहानपणापासून ऐकत आलो. पण मजुरी थकवणाऱ्याकडून घेतलेल्या दानाचं करायचं काय, याबद्दल चर्चची शिकवण काही बोलते का? की तिथंही "देणाऱ्याचा हात पाहू नये" एवढंच?

---

बैलबंडी
६ डिसेंबर, रात्री १०:३५

भाऊ, मामेसासऱ्याले फासावर चढवायच्या आधी हिशेब मांडा. वेचणी किलोमागं १० ची १२ झाली. बायांना आणा-सोडायला ऑटो आपला. दुसऱ्या वेच्यातच बोंडअळीनं अर्धी बोंडं किडली, फरदडीचं तर नावच नको. कापूस घातला, व्यापारी म्हणतो आठ दिवसांनी या. आठाचे पंधरा होतात. मजुरी थकते ती दरवेळी मालक माजला म्हणून नाही, मालकाचेच कुठंतरी थकलेले असतात.

अन तुमचे संत पाहिले तर कोणी मठातला, कोणी राजवाड्यातला. चार एकर कोरडवाहूवाल्यासाठी एखादा असला तर सांगा. हार घालू.

---

उत्तर_वसई
७ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी वसईचा. तुमच्याकडच्या वेचणीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मूळ प्रश्नावर चर्च गप्प आहे असं कोणी सांगितलं असेल तर ते चूक.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात "स्वर्गाकडे सूड मागणारी पापं" पाठ करून घेत, आठवतंय का? त्या यादीत पहिलं हाबेलचं रक्त, म्हणजे खून. आणि शेवटी मजुराची मजुरी दाबणं. दोन्ही एकाच यादीत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच तिथं ओरडते आहे. मजूर गप्प असले तरी ती ओरडते. बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर मुदतही दिली आहे: सूर्य मावळायच्या आत. कारणही दिलं आहे. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे.

पण तुमच्या प्रसंगाला सगळ्यात नेमकी लागू पडते ती बार्तोलोमे दे लास कासास यांची गोष्ट. क्युबातले स्पॅनिश पाद्री. नुसते पाद्री नव्हेत, जमीनदारही. वतनाबरोबर त्यांना राबायला स्थानिक इंडियन (म्हणजे अमेरिकेतली मूळनिवासी) माणसं मिळाली होती. १५११ च्या आगमनकाळात, नाताळाच्या तोंडावर, शेजारच्या सान्तो दोमिंगोत आंतोनिओ दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन साधूनं मालक मंडळींना भर चर्चमध्ये विचारलं होतं: ही माणसं नाहीत काय? मालक चिडले. लास कासास यांच्यावर तेव्हा लगेच परिणाम झाला नाही. पुढे तीन वर्षांनी, १५१४ साली, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना सिराखच्या ग्रंथातला ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. (प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नाही, आपल्याकडच्यात आहे.) तिथं लिहिलंय: गरिबांच्या मालमत्तेतून देवाला अर्पण करणं म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत मुलाला मारणं. आणि दोन ओळींनंतर: मजुराची मजुरी मारणारा रक्त सांडतो.

अर्पण आणि थकलेली मजुरी, दोन्ही एकाच ठिकाणी. तुमच्या दहा हजारांच्या किटवरच लिहिल्यासारखं. लास कासास यांनी आपल्याकडची माणसं सोडून दिली आणि उरलेलं आयुष्य, १५६६ पर्यंत, याच भांडणात घालवलं. पुढे चियापासचे बिशप झाले तेव्हा पाप कबुली ऐकणाऱ्या फादरांसाठी त्यांनी नियम लिहिले. आधी लुटलेलं परत करा, मग क्षमा. त्यावरून गदारोळ झाला.

ते अजून संतपदाला पोचलेले नाहीत, हेही सांगतो. भांडकुदळ माणसाला उशीर लागतो बहुधा.

बैलबंडी, तुमच्या हाराचा माणूस संध्याकाळी सांगतो. आता ड्युटी.

---

तर्कट
७ डिसेंबर, सकाळी ११:०५

छान गोष्ट. अर्धी सांगितली. याच लास कासासनं इंडियन लोकांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणा असं सुचवलं होतं. नंतर पस्तावला, तेही खरं. पण जहाजं थांबली नाहीत.

बाकीचं थोडक्यात. कामगारांवरचं पोपचं पहिलं मोठं परिपत्रक १८९१ चं. मार्क्स-एंगेल्सचा जाहीरनामा १८४८ चा. ४३ वर्षं काय चाललं होतं? मदर तेरेसांनी मरणाऱ्याला खाट दिली, ठीक, पण तो रस्त्यावर का आला हे विचारलं का? आणि मदतीच्या मागून बाप्तिस्म्याचं भांडं येतं, हा आक्षेप हवेतला नाही.

आपल्याकडचं बोलायचं तर १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईला "काम दे" म्हणायचा हक्क त्या कागदानं दिला. एवढं कोणत्या संतानं दिलं?

---

जुना_मास्तर
७ डिसेंबर, दुपारी ३:२०

तर्कटराव, "कोणत्या संतानं" म्हणता, तर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या परटाच्या घरी १८७६ साली जन्मलेला एक आठवा. गाडगेबाबा. मी कॅथलिक नाही, दर्यापूरकडचा, बाबांची दशसूत्री शाळेच्या भिंतीवर तीस वर्षं रंगवत आलो. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध.

एकदा नागपूरला मुलीकडे गेलो असताना शेजारच्या फादरांनी बायबलमधला मत्तयाचा २५ वा अध्याय वाचून दाखवला. मी भुकेला होतो, तुम्ही खाऊ घातलं. तहानेला होतो, पाजलं. उघडा होतो, परका होतो, आजारी होतो. मी म्हटलं, फादर, हे तर आमच्या शाळेच्या भिंतीवरचंच. ते हसले. मग दोघांनी दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. त्यांच्या यादीत तुरुंगातल्याला भेटणं आहे, ते बाबांच्या यादीत नाही. बाबांच्या यादीत मुक्या जनावरांना अभय आहे आणि गरीब पोरापोरींची लग्नं आहेत. फादर म्हणाले, लग्नांचं खातं आमच्याकडे संत निकोलसकडे. तीन पोरींच्या बापाकडे हुंड्याला दमडी नव्हती, तेव्हा रात्रीत खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकून गेला म्हणतात. काल, ६ डिसेंबरला त्याचाच सण होता. तोच पुढे लाल कपड्यांचा सांताक्लॉज झाला. (आपल्या अर्ध्या आयुष्यात हे कोणी सांगितलं नव्हतं!)

पण मुद्दा वेगळाच. बाबांच्या दहांत एक ओळ आहे, "बेकारांना रोजगार". ते दान नव्हे. आणि बाबा स्वतः कोणाच्या दारी गेले तर आधी अंगण झाडत, लाकडं फोडत, मग भाकर घेत. फुकटची खात नसत. त्या मावशीनं किट नाकारली ती याच वळणाची बाई आहे. तिला भीक नको, भाकर पाहिजे, तीही तिनं आधीच कमावलेली.

---

बैलबंडी
७ डिसेंबर, दुपारी ४:०२

मास्तर, लाखात बोलले.

---

उत्तर_वसई
७ डिसेंबर, रात्री ९:१०

आलो. बैलबंडी, हार आणा. संत इसिद्रो, माद्रिदचे, बाराव्या शतकातले. चार एकरवालेही नव्हते, तुमच्या भाषेत सालदार. हुआन दे वार्गास नावाच्या मालकाकडे नांगर धरत. बायको मारीया, तिलाही संत मानतात. बरोबरच्या गड्यांनी चहाडी केली की हा सकाळी चर्चमध्ये रेंगाळतो, कामाला उशिरा येतो. मालक चोरून पाहायला गेला तर शेतात देवदूत नांगर हाकताहेत, अशी कथा. १६२२ साली एकाच दिवशी पाच जण संत जाहीर झाले. इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, अविलाच्या तेरेसा, फिलिप नेरी अशी बडी मंडळी, आणि त्यांच्या पंगतीत हा शेतमजूर.

त्याचा सण १५ मे. तर्कट म्हणतात ते परिपत्रक, लिओ तेराव्यांचं 'रेरुम नोव्हारुम', तेही १५ मे १८९१ चं. योगायोग असेल. उशीर झाला हे मान्य. पण त्यातला एक मुद्दा बघा. तेव्हाचे अर्थपंडित म्हणत, मजूर राजीखुशीनं ज्या दरावर आला तो दर न्याय्य, विषय संपला. लिओ म्हणतात, नाही संपला. साध्या राहणीच्या मजुराचं पोट भरेल एवढी मजुरी ही कोणत्याही करारापेक्षा जुनी आणि मोठी गोष्ट आहे. पोटासाठी, भीतीपोटी त्यानं कमी दर पत्करला तर ती त्याची राजीखुशी नव्हे, त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे. आताचे पोप २०२५ साली निवडून आले आणि त्यांनी लिओ हेच नाव घेतलं, ते याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

आता कोरडवाहूंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये प्रापंचिकांसाठी जो आदेश काढला, त्यात दानाविषयी असं आहे: न्यायानं जे देणं लागतो ते आधी चुकतं करा, नाहीतर जे त्याचंच होतं ते तुम्ही प्रेमाची भेट म्हणून त्याला देताय असं होईल. तुमच्या मावशीनं हेच सांगितलं, कमी शब्दांत.

हा विचार १९६५ ला उगवलेला नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अंब्रोज नाबोथाच्या मळ्यावर लिहिताना हेच म्हणाले. राजा आहाबनं एका गरिबाचा द्राक्षमळा हडपला, ती गोष्ट. अंब्रोज श्रीमंताला सांगतात, तू गरिबाला तुझं देत नाहीस, त्याचं त्याला परत करतोस. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या परिपत्रकात ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

---

बैलबंडी
७ डिसेंबर, रात्री ९:४८

देवदूत नांगरायला! आमच्या सालदाराला एखादा दिला असता तर डवरणीचे पैसे वाचले असते.

चेष्टा सोडा. माझा प्रश्न तसाच आहे. मजुराला पोटापुरतं द्या, कबूल. अन मले पोटापुरतं कोण देणार? त्याचं परिपत्रक निघालं का?

---

उत्तर_वसई
७ डिसेंबर, रात्री १०:२०

निघालं. १९६१, पोप जॉन तेविसावे. बेर्गामोजवळच्या खेड्यातल्या बटईनं शेती करणाऱ्याचा मुलगा, मोठ्या कुटुंबातला. त्यांनी शेतीवर एक अख्खा भागच लिहिला. त्यात शेतमालाच्या भावाबद्दल आहे: धान्य सगळ्यांच्या गरजेचं, म्हणून भाव आवाक्यात हवेत हे खरं. पण त्या नावाखाली शेतकऱ्याला कायम खालच्या पायरीवर ठेवणं अन्याय आहे. कर्ज, विमा, रस्ते, पाणी, सहकारी संस्था, सगळ्याची नावं घेतली आहेत. शेतकऱ्यांनी एकत्र यावं, एकट्याचा आवाज वाऱ्यावर जातो, हेही.

---

बैलबंडी
७ डिसेंबर, रात्री १०:३१

म्हणजे पोपलाही माहीत होतं. फक्त दिल्लीला माहीत नाही.

---

सिस्टरची_विद्यार्थिनी
८ डिसेंबर, सकाळी ६:४०

मी नर्स आहे, वर्धा जिल्ह्यात. तर्कट यांचं "का विचारलं का" हे वाचून रात्रभर डोक्यात राहिलं.

विचारणारी एक होती, आपल्यापासून फार लांब नाही. सिस्टर राणी मारिया. मूळ केरळच्या, काम मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात, आदिवासी भूमिहीन मजुरांमध्ये. सावकाराच्या वहीतून माणसं बाहेर काढायची, बायांचे बचत गट बांधायचे, सरकारी योजनेचा अर्ज स्वतः भरायला शिकवायचं. थोडक्यात, किट वाटायची नाही, वही तपासायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून ओढून त्यांना भोसकून मारलं. सावकारांची दुकानदारी बसत होती ना. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

आता उलट बाजू. मी ज्या संस्थेत शिकले तिचं नाव घेत नाही. तिथं आमच्या आयाबाई सही एका आकड्यावर करायच्या आणि हातात दुसराच आकडा पडायचा. भिंतीवर मात्र संत व्हिन्सेंट गरीब पोराला कडेवर घेऊन उभे. १९७१ च्या रोममधल्या बिशपांच्या सभेनं जो दस्तऐवज काढला त्यात लिहिलंय की न्यायाबद्दल बोलायला उठणाऱ्यानं आधी लोकांच्या डोळ्यांत न्यायी असावं, आणि चर्चच्या नोकरीतल्यांना पोटापुरता पगार मिळावा. हे मला एका सिस्टरनंच दाखवलं. तिची नंतर बदली झाली.

मदर तेरेसांबद्दल मात्र मी भांडणार नाही. बेडसोअरला किडे पडलेले पेशंट मी साफ केलेत. त्या वेळी "का" विचारायला तोंड उघडत नाही, आधी नाकातोंडाला रुमाल बांधावा लागतो.

---

तर्कट
८ डिसेंबर, सकाळी ९:१५

राणी मारियांचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

शेवटच्या परिच्छेदावर माझ्याकडे उत्तर नाही. बाप्तिस्म्याचा मुद्दा मात्र तसाच ठेवतो.

---

उत्तर_वसई
८ डिसेंबर, दुपारी १:३०

ठेवा, ठेवायलाच हवा. पोप बेनेडिक्ट सोळाव्यांनी २००५ च्या पहिल्याच परिपत्रकात लिहिलं की सेवेचा उपयोग धर्मांतराचं साधन म्हणून करू नये. लिहावं लागलं, यातच आलं.

छोटानागपूरचं, म्हणजे आताच्या झारखंडातलं, उदाहरण गुंतागुंतीचं आहे. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ ला तोरपाला गेले, जमिनीचा कायदा शिकले आणि मुंडा आदिवासींच्या बाजूनं जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत उभे राहिले. हजारो लोकांनी बाप्तिस्मा घेतला. देवासाठी की वकिलासाठी, याचा निवाडा मी करणार नाही. पण त्यांच्या मागून आलेले फादर हॉफमन यांनी १९०८ चा छोटानागपूर कूळकायदा घडवण्यात हात लावला आणि १९०९ ला तिथं पतपेढी उभी केली. कायदा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही लागू झाला.

कोरडवाहू, कुठे गेलात?

---

कोरडवाहू
८ डिसेंबर, रात्री ११:१०

इथंच आहे. वाचतोय. दोन दिवस तोंड उघडायची हिंमत होत नव्हती, कारण खाली लिहितोय ते.

सोसायटी ज्यांच्या नावाची, त्या विन्सेंट डी पॉल यांच्याबद्दल दरवर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या सणाला मी दहा मिनिटं बोलतो. पाठ आहे. शेतकऱ्याचं पोर, लहानपणी डुकरं राखलेली. शिकायला पाठवायचं म्हणून बापानं बैलजोडी विकली. आणि हेच पोर शाळेत असताना बाप भेटायला आला, फाटके कपडे, लंगडत, तर याला लाज वाटली, बाहेर आलाच नाही. म्हातारपणी स्वतःच सांगून रडत. इथवर आलो की आमच्या हॉलमध्ये दोन-तीन बाप खाली पाहतात.

मग फ्रान्समधल्या शातियों गावची गोष्ट. १६१७, ऑगस्ट महिना. गावाबाहेर एक अख्खं घर आजारी पडलंय असं कळलं, विन्सेंटनी मिस्सात सांगितलं. दुपारी पाहतात तर जत्रेसारखी रांग, ज्याच्या त्याच्या हातात भाकरी, मटण. त्यांच्या मनात आलं, आज एवढं आलं की नासून जाईल, आणि परवा हेच घर पुन्हा उपाशी. दया भरपूर, पण हिशेब नाही. म्हणून त्यांनी गावातल्या बायांच्या पाळ्या लावल्या, नियम लिहिले, वही ठेवली. आमची सोसायटी १८३३ ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी काढली, तीही याच पायावर. हे सगळं मी दरवर्षी बोलतो.

आणि त्या दिवशी परत येताना माझ्या डोक्यात आलं की मामेसासऱ्यांचे तीन हप्ते मला दिसले, माझे आठ दिवस मला दिसले नाहीत. दोन बायांची वेचणी माझ्याकडेही थकली होती. कारण बैलबंडींनी दिलं तेच, व्यापाऱ्याकडे अडकलेत. खरंही आहे. पण त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या किटमध्ये हजार रुपये टाकले. ते अडकलेले नव्हते.

काल सकाळी त्या दोघींचे दिले. बायकोच्या बचत गटातून उचलले. एकीनं विचारलं, "आज काऊन? बाजार त बुधवारी हाये."

---

बैलबंडी
९ डिसेंबर, सकाळी ६:०५

भाऊ, हे लिहायला छाती लागते. माझ्याकडे चौघींचे आहेत. पाहतो.

तो बायबलमधला द्राक्षमळ्याचा किस्सा शाळेत असताना ऐकला होता, एक तास राबलेल्यालाही पूर्ण हजेरी. आमच्या गावात तसं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच येणार नाही, सगळे साडेचारला येतील.

---

जुना_मास्तर
९ डिसेंबर, सकाळी १०:५०

बैलबंडी, त्याच दाखल्यातल्या ओळीवरून इंग्रज लेखक जॉन रस्किननं आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं. ते गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत रेल्वेत वाचलं, गुजरातीत उतरवलं आणि नाव दिलं 'सर्वोदय'. तुमची चेष्टा फिरून सेवाग्रामलाच पोचते. आणि त्या दाखल्यात सगळ्यांना हजेरी संध्याकाळीच मिळाली, उद्या या असं मालक म्हणाला नाही.

सरव्याचंही सांगून टाकतो. बायबलमधल्या लेवीय ग्रंथात शेतकऱ्याला ताकीद आहे की शेताच्या कडेचं कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. आपल्याकडे बाया सरवा वेचतात तोच. माझ्या लहानपणी सरवा वेचणारीला कोणी हटकत नसे. आता हार्वेस्टर फिरतो, आणि वर कुंपणाला झटका मशीन.

---

उत्तर_वसई
९ डिसेंबर, रात्री ८:४०

कोरडवाहू, सोसायटीसमोर एक ठेवून पाहा. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी सावकारीवर उतारा म्हणून गहाणपेढ्या काढल्या. १४६२ ला पेरुजात निघाली ती सुरुवातीच्यांपैकी. खर्चापुरतं व्याज, बाकी नफा नाही. "साधूंनी व्याज घ्यावं का" यावर पन्नास वर्षं वाद झाला, १५१५ च्या लॅटरन परिषदेनं घ्या म्हणून सांगितलं. (तर्कट लिहिण्याआधी मीच लिहितो, त्यातल्या काही साधूंची प्रवचनं ज्यू सावकारांविरुद्ध विखारी होती आणि त्याचे परिणाम वाईट झाले.) खेड्यांत त्याचंच बियाण्याचं रूप होतं. पेरणीला धान्य उसनं न्या, सुगीला थोडं जास्त घालून परत आणा.

किटच्या पैशातून वेचणीच्या हंगामापुरता उचल-निधी करता येईल. व्यापाऱ्याचे यायचेत तोवर शेतकऱ्यानं तिथून उचलावं आणि बायांचे त्याच दिवशी द्यावेत.

---

बैलबंडी
९ डिसेंबर, रात्री ९:००

आणि शेतकऱ्यानं बुडवले तर?

---

उत्तर_वसई
९ डिसेंबर, रात्री ९:०४

तर पुढच्या बाकावर बसू देऊ नका.

---

कोरडवाहू
२१ डिसेंबर, रात्री १०:१५

झालं ते सांगतो.

रविवारी मिस्सानंतर बैठक घेतली. उचल-निधीवर दोघे हो म्हणाले, तिघे नाही, बाकीचे चहा पीत होते. तो विषय पुढच्या महिन्यावर गेला. यादीच्या वहीत मात्र एक नवा रकाना पाडला, "मजुरी बाकी?" किट देण्याआधी विचारायचं आणि बाकी असेल तर कोणाकडे ते लिहायचं. तीस घरांपैकी अकरा घरांत नाव निघालं. त्यात सोसायटीच्या दोन जणांची.

मामेसासऱ्यांकडे मी आणि फादर गेलो. फादरांनी परिपत्रक वगैरे काही काढलं नाही. चहा झाला, तुरीवर बोलणं झालं. मग वही पुढे ठेवली. मामा आधी माझ्यावरच घसरले, घरातली गोष्ट बाहेर नेली म्हणून. मग म्हणाले, कापसात कवडी होती, कचरा होता, त्याचे कापणार. फादर म्हणाले, कापा, पण मोजून कापा आणि तिच्यासमोर कापा. मामा गप्प. गुरुवारी पैसे पाठवले, शंभर रुपये कापून. बायको माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

शुक्रवारी पैसे आणि किट दोन्ही घेऊन मावशीकडे गेलो. तिनं नोटा दोनदा मोजल्या. शंभर कमी आहेत हे मी सांगायच्या आधी तिनंच सांगितलं. नोटा लुगड्याच्या गाठीत बांधल्या, किटची पिशवी उघडली, आत हात घालून पाकीट बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"तेल कोणतं हाये?" म्हणाली. "सोयाबीनचं असन त घेतो. पामचं नको."